डावीकडून तिसरे

सात वर्षं मी एका परक्या माणसाचं श्राद्ध घातलं, आणि तेही अगदी मनापासून.

हे लिहिताना आजही माझे कान गरम होतात. (कानांचा या प्रकरणाशी फार जवळचा संबंध आहे. तो पुढे येईलच.)

वडिलांना फोटोचं वावडं होतं. लग्नकार्यात कॅमेरा दिसला की ते उठून पंगत वाढायला पळत. ते गेल्यावर घरभर शोधाशोध केली तेव्हा एकच फोटो सापडला. ते पंचविशीत असताना कारखान्यातल्या दोस्तांबरोबर काढलेला. मागच्या रांगेत सातजण, सातही जणांना टोप्या, सातही जणांना मिशा. डावीकडून तिसरे आमचे वडील. आईनेच बोट ठेवून दाखवले. तेवढा चेहरा मोठा करून आणायचं काम माझ्याकडे आलं.

आता वडिलांच्या चेहऱ्यावर खूण करून फोटो खराब कसा करायचा? म्हणून मी फोटो उलटा केला आणि मागच्या कोऱ्या बाजूला, डावीकडून तिसऱ्या जागी, पेन्सिलने हलकीशी फुली मारली. इतकी काळजी मी आयुष्यात दुसऱ्या कशाची घेतली नसेल! भाईंदरच्या स्टुडिओवाल्याने फोटो उजेडापुढे धरला, फुली कोणाच्या डोक्यामागे येते ते पाहिलं आणि विचारलं, "टोपी निकाल दूँ, काका? कंप्युटर पे सब हो जाता है."

"निकाल दो."

"कोट डाल दूँ? उसका अलग से कुछ नहीं."

"डाल दो," मी म्हणालो. (वडिलांनी कोट फक्त दुकानाच्या काचेत पाहिला होता.)

फ्रेम घरी आली. आईने चष्मा लावला, पुष्कळ वेळ पाहिलं आणि म्हणाली, "कोट बरा आहे."

मला वाटलं, गहिवरली.

तिसऱ्या दिवशी मूळ फोटो कपाटात ठेवताना सहज उलटसुलट केला आणि माझी चूक माझ्या लक्षात आली. मागून डावीकडून तिसरा म्हणजे पुढून उजवीकडून तिसरा! पण तोवर फ्रेमला हार चढला होता. आई रोज उदबत्ती लावून हात जोडत होती. सांगायचं कुठल्या तोंडाने? मी मूळ फोटो मिक्सरच्या रिकाम्या खोक्यात घातला, खोकं माळ्यावर ढकललं आणि गप्प बसलो.

पुढे दर पितृपक्षात मी त्या कोटवाल्यापुढे पान मांडलं. गच्चीवर घास ठेवला की कावळा पहिल्या हाकेला हजर, आणि आधी खिरीवर तुटून पडायचा. माझे वडील जन्मात खिरीला शिवले नव्हते! तो कावळा खीर मिटक्या मारत खायचा आणि मला घाम फुटायचा.

असं सगळं सुरळीत चाललेलं असताना माझी भाची चित्रकार झाली.

सावी ही माझ्या बहिणीची मुलगी. बहिणीने उत्तनच्या कोळीवाड्यातल्या फ्रान्सिसशी लग्न केलं, त्यामुळे पोरगी आमच्याकडे सावित्री आणि उत्तनला मारिया. गणपतीत आमच्याकडे मोदक वळते, नाताळात तिकडे येशूचा गोठा सजवते, आणि चार भाषा बोलते, त्याही एकाच वाक्यात. चित्रकला शिकून झाल्यावर तिने घरातल्या माणसांच्या जुन्या फोटोंना हात घातला. फोटो फळीवर चिकटवायचा, त्यावर रंग, आणि त्यावर त्या माणसाच्या वापरातल्या वस्तू.

"याला मिक्स मीडिया म्हणतात, आजी."

"म्हणजे भेळ," आई म्हणाली.

उत्तनच्या आजीचं चित्र तिने जाळ्याचा तुकडा, लुगड्याचा काठ आणि खरं सुकट लावून केलं. आम्हाला दाखवायला आणलं तेव्हा त्याचं सगळ्यात मनापासून कौतुक आमच्या बिल्डिंगच्या मांजरीने केलं.

मग एका रविवारी सावी भाईंदरच्या खारीतल्या आमच्या हॉलमध्ये त्या कोटवाल्या फ्रेमसमोर उभी राहिली. आई देवळात गेली होती.

"मामा, आजीच्या पंचाहत्तरीला आजोबांचं पोर्ट्रेट करतेय. सरप्राइज! आजीला बोलू नको."

"नाही बोलत," मी म्हणालो. न बोलण्याचा मला सात वर्षांचा अनुभव होता.

तिने एक डोळा मिटून फोटो पाहिला. मग दुसरा मिटून पाहिला. मग माझ्याकडे वळली.

"मामा, इकडे ये. मान वळव." आणि तिने माझा कान धरला!

"अगं, काय चाललंय?"

"तुझे कान सुपासारखे. मम्मीचे सुपासारखे. माझे तर मी केसांत लपवते. आणि आजोबांचे असे डोक्याला चिकटलेले? असं होत न्हाय, मामा."

"कंप्युटरने दाबले असतील."

"कंप्युटर कान कशाला दाबेल?"

"कोट बसावा म्हणून," मी म्हणालो.

तिने माझा कान सोडला. "ओरिजिनल फोटो कुठाय?"

"हरवला."

"कसा काय?"

"पुरात."

"तुम्ही चौथ्या मजल्यावर राहता ना?"

माझी पुरती कोंडी झाली. सावीने कोटवाल्याचं चित्र केलं तर चूक कायमची भिंतीवर जाणार. खरा माणूस शोधून काढला तर ऐन पंचाहत्तरीला आईला कळणार, की आपण सात वर्षं हात जोडले ते भलत्यालाच! म्हातारीने धसका घेतला तर? रात्री डोळा लागेना. चार दिवसांनी आई शेजारी गेल्याची संधी साधून मी माळ्यावर चढलो. खोकं होतं, फोटो नव्हता.

"शोभा," मी वरूनच बायकोला हाक मारली, "या खोक्यातलं..."

"सावी घेऊन गेली. मीच दिलं."

"तुला माहीत होतं?"

"अहो, दर पितृपक्षात तुम्ही माळ्याकडे बघत जेवता. मला कळणार नाही? उतरा आता, पडाल."

पंचाहत्तरीचा दिवस उजाडला. औक्षण झालं, केक कापला, सावीने चादरीत झाकलेली फळी आईपुढे उभी केली. "आजी, ओढ." आईने चादर ओढली.

खरे वडील! तिरकी टोपी, खट्याळ डोळे, वडिलांच्या जुन्या लुंगीच्या चौकटींची किनार, कोपऱ्यात त्यांच्या डब्याचं पोचे पडलेलं झाकण, आणि मधोमध ते दोन कान, फळीतून बोटभर पुढे आलेले. सावीने ते पुठ्ठ्याचे करून लावले होते.

आईने हळूच हात पुढे करून एका कानाला बोट लावलं.

मला राहवलं नाही. हातात केकची बशी घेऊन मी सगळ्यांसमोर भडाभडा कबूल केलं. फुली, टोपी, कोट, माळा, कावळा. "आई, सात वर्षं मी तुला फसवलं! मी पापी आहे!"

"बशी खाली ठेव आधी, अशोक. सांडतंय," आई म्हणाली. "आणि मला पहिल्याच दिवशी कळलं होतं. चाळीसेक वर्षं या कानांशी कटकट केली मी. मला नाही कळणार?"

"मग बोलली का नाहीस?"

"हे गेल्यापासून तू पहिल्यांदा हसत घरी आला होतास. म्हटलं, असू दे. आणि तो दत्तू आहे रे, ह्यांच्या शेजारच्या मशीनवरचा. लग्न नाही, पोर नाही, मागे पाणी द्यायला कोणी नाही. आपल्याकडे यायचा तो फक्त खिरीसाठी. आयता मुलगा मिळतोय, तर जेवू दे बिचाऱ्याला."

"आणि बाबा? ते सात वर्षं उपाशी?"

"उपाशी कशाला? त्यांच्या वाटणीच्या अळुवड्या मी कपाटात झाकून ठेवायचे. दरवर्षी संध्याकाळपर्यंत ताटली रिकामी." आईने डोळे पुसले. "म्हणजे हे येत होते."

मी शोभाकडे पाहिलं. शोभाने माझ्याकडे पाहिलं. त्या अळुवड्या कोण खात होतं, हे मी आईला आजतागायत सांगितलेलं नाही.

सावीचं चित्र हॉलमध्ये लागलं. कोटवाली फ्रेम मी काढायला गेलो, तर आईने हात धरला. "सात वर्षं घरात राहिलेल्या माणसाला असं घालवतात का?"

त्यामुळे आता भिंतीवर दोघेही शेजारी शेजारी आहेत, मशीनवर होते तसे. नवीन पाहुणा आला की हमखास विचारतो, "हे कानवाले कोण?"

"हे माझे मालक," आई सांगते.

"आणि हे कोटवाले?"

"ते आमच्या अशोकचे वडील. त्याने स्वतः निवडलेत."