अंजनाला लावलेला गेरू

मी दुसरीत शाळा सोडली, पण झाडाचं वय मला कोणाला विचारावं लागत नाही. हेच मी सासरी बोलून बसलो आणि अडकलो.

राज्यांची नव्याने वाटणी झाली तेव्हाची गोष्ट. आमचं जैनाबाद मध्यप्रदेशात राहिलं, सासुरवाडी रावेरकडची, ती मुंबई राज्यात. सातपुडा तर दोघांचाच. पण धाकटा मेहुणा मला चिडवायचा, "दाजी, तुम्ही आता परमुलखातले. जुनी झाडं सगळी आमच्या वाटणीला आली. आमच्या मोहाएवढं म्हातारं झाड आहे का तुमच्याकडे?"

"धूलकोटच्या जंगलात नाल्याकाठी एक अंजन आहे. तुझ्या मोहाचा आजा शोभेल."

"एवढं कोण चालतं? फोटो आणा."

"आखाजीला आणतो. पंगतीला पटला नाही, तर त्या दिवशी मी वाढीन."

आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, जावई पाटावर बसतो, बाकीचे त्याला आग्रह करतात. जावयाने आमरसाचं भांडं घेऊन फिरायचं म्हणजे नाक कापून घेणंच. पण तोंडातून गेलं ते गेलं.

लोधीपुऱ्यातला एक फोटोवाला धरला. त्याने जन्मभर लग्नंच काढलेली. केळीच्या टेकूंना बांबू आणायला मी त्या जंगलात जायचो, म्हणून वाट पाठ आहे असं त्याला सांगितलं. सकाळभर हिंडलो. दर मोठ्या झाडापाशी तो कॅमेऱ्याची पेटी खाली ठेवायचा, "भाऊ, हेच ना?" मी म्हणायचो, "हे तर पोर आहे." शेवटी तो म्हणाला, "भाऊ, म्हातारं झाड बहुतेक दुसऱ्या गावी गेलं." मी म्हटलं, "मी चुकलो नाही, नाला सरकलाय."

नाल्याच्या वरच्या अंगाला अंजन सापडला. काळा, भेगाळलेला, बुंध्यात माणूस लपेल एवढी ढोली.

पण फोटो काढायचा तर असा पारोसा कसा काढायचा? आपण नवे कपडे घालतो, पोळ्याला बैल रंगवतो. मी धूलकोटच्या बाजारातून गेरू आणि चुना आणलाच होता. बुंध्याला खाली गेरू फासला, वर चुन्याचा पट्टा ओढला. फोटोवाला खूश झाला, "वा, नवरदेव दिसतो!" मग काळ्या कपड्यात डोकं घालून सवयीने झाडाला म्हणाला, "हलू नका."

आखाजीला पंगत बसली, वाढायच्या आधी मी पिशवीतून फोटो बाहेर काढला. मेहुण्याने पाहिला आणि पोट धरून हसला. "दाजी, हे तर सडकेचं झाड! सरकार असेच पट्टे मारते. मोटारीतून उतरून काढला काय?"

"जंगलातला आहे! गेरू मी लावला."

"तुम्ही? जंगलात? गेरू?" फोटो हातोहात फिरला. ज्याने त्याने मान हलवली. सडकेचंच.

मी उठलो, सदऱ्याच्या बाह्या सारल्या आणि रसाचं भांडं उचललं. सगळ्यांना वाटलं थट्टा आहे. मी पहिल्या ताटात रस ओतला तेव्हा चुलीपाशी बसलेल्या सासूबाईंनी पाहिलं. त्या तरातरा बाहेर आल्या, थेट लेकाकडे. "जवायाले वाढाले उभं केलं का रे तू? गाव काय म्हनीन मले?"

मेहुण्याचं तोंड उतरलं. "आई, त्यांनीच पैज लावली."

"त्यांनी लावली, तुले अक्कल नव्हती?"

तो भांडं ओढायला आला. "दाजी, द्या इकडे. बसा ना पाटावर."

"शब्द दिलाय. सरक."

"अहो, लोक बघतात!"

"बघू दे. तुझ्या ताटात सांजोरी दिसत नाही, घे."

तो भांड्यामागे, मी पंगतीपुढे. बायको पदर तोंडाला लावून हसत होती, माझ्यावर का भावावर, कळलं नाही. दुसऱ्या वाढपाला मी पुन्हा रस उचलला, तेव्हा सासूबाईंनी लेकाचा कान धरला.

"दाजी, पाया पडतो, बसा! तुमचा अंजनच म्हातारा!"

"जंगलातला का सडकेचा?"

"जंगलातला, जंगलातला!"

"मोठ्याने सांग, पार टोकापर्यंत ऐकू गेलं पाहिजे."

त्याने ओरडून सांगितलं. मग मी भांडं खाली ठेवलं.