मध्यंतरात खुनी सांगणारे जानराव

जानराव वैरागड्यांनी उभ्या जन्मात नाटकात काम केलं नाही, परदा ओढला नाही, कमिटीत नाव दिलं नाही. तरी भिलाईच्या स्नेहवर्धक मंडळाचं नाटक त्यांच्यावाचून होत नसे.

गणपतीतलं नाटक म्हणजे रहस्यनाटकच. विनोदी लावलं तर साहेब लोकांना हलकं वाटे, संगीत लावावं तर गळा कोणाचा? म्हणून दरवर्षी एक बंगला, एक वादळ अन् एक खून. मध्यंतर झालं की लोक चहाच्या टेबलाजवळ जानरावांना घेरून उभे राहत. जानराव पहिला घोट घेत, कप बशीत ठेवत अन् सांगत, "खानसामा." नाहीतर, "मोठा जावई." कारण सांगत नसत. अन् शेवटच्या अंकात खरंच त्या खानसाम्याच्या हातात बेड्या पडत. खुनी आधीच कळला म्हणून कोणी चिडत नसे. उलट मध्यंतरानंतर लोक बसत ते नाटक चुकते की जानराव, हे पाहायला.

पोलादाच्या प्लांटात जानराव पर्सोनेल ऑफिसात क्लार्क. दिवसा जो साहेब "वैरागडे, फाइल" एवढंच बोले, तोच त्या संध्याकाळी कपबशी सांभाळत वाकून विचारी, "जानरावजी, कोण?" हा 'जी' त्यांना पुढच्या गणपतीपर्यंत पुरे.

डोकं कसं चालवतात, ते फक्त त्यांच्या बायकोला, कमलिनीबाईंना माहीत होतं. त्यात डोकं नव्हतंच. मंडळात खुन्याचं काम कोणालाच नको असे. हाताखालच्या माणसांदेखत रात्री बेड्या घालून घ्यायच्या अन् सकाळी त्यांनाच रोलिंग मिलमध्ये दम द्यायचा, हे कोणत्या इंजिनियरला जमणार? ते काम मग याच्या गळ्यातून त्याच्या गळ्यात फिरत फिरत जाणाऱ्यावर येऊन पडे. कोणाची बदली झालेली असे, कोणी दिवाळीआधी रिटायर होणार असे. जाणाऱ्याला कायची लाज? अन् कोण चाललं, हे जाणाऱ्याच्याही आधी पर्सोनेलच्या क्लार्कला कळे. परदा उघडण्याआधी नटांची नावं वाचली जात, तिथंच जानरावांचा खुनी पकडला जाई. पुढं मध्यंतरापर्यंत ते निवांत चिवडा खात.

रिटायर झाल्यावर क्वार्टर सुटलं. कुरुदच्या बाजूला घर बांधलं. दारासमोर ताजी भाजी मिळे, तरी जानराव पिशवी घेऊन प्लांटवाल्यांच्या सेक्टर १० च्या बाजारात जात. कमलिनीबाई म्हणत, तिथलं वांगं काय वेगळं शिजते का? वांग्यासोबत बदल्यांच्या खबरा मिळत, हे त्यांनाही कळत होतं.

यंदा घोटाळा झाला. मंडळाच्या जुन्या नटांचे गुडघे गेले. नाटक पोट्ट्यांच्या हाती आलं, अन् त्या पोट्ट्यांत जानरावांची नात होती, मृणाल. नाटकाचं नाव, 'प्रेत जागेवर नाही'. जुन्या रहस्यनाटकांचीच टर उडवायची, अन् करणारे फक्त चार जण. मृणाल, पीयूष, टीना अन् ईशान. चौघांतला एकही प्लांटात नाही. जानरावांनी सेक्टर १० च्या दोन चकरा जास्त मारल्या, पण तिथं या पोट्ट्यांची खबर कोणाकडं असणार? मृणालला विचारलं, तर ती म्हणाली की आजोबा, सारी भिलाई को बता दूँगी, तुमाले नाही सांगणार.

नाटकाच्या दिवशी ते पहिल्यांदा खुनी माहीत नसताना हॉलमध्ये शिरले. चिवड्याची पुडी खिशातच राहिली.

परदा उघडला तर बंगला नाहीच. दोन खुर्च्या अन् एक शिडी. खुर्च्या समोरासमोर आल्या, टीनानं शिट्टी फुंकली, झाली रेल्वेगाडी. शिडी आडवी धरली की खिडकी, उभी केली की जिना. पीयूषनं टोपी घातली की इन्स्पेक्टर, टोपी उलटी केली की माळी, टोपी काढली की विधवा मावशी. मृणालला मिशी लावलेली, ती बंगल्याचा मालक होती, वकीलही होती, अन् एकदा तर स्वतःशीच भांडून स्वतःलाच घराबाहेर काढती झाली. ईशान प्रेत. पण दाराची घंटी वाजली की बाकी तिघं कुठं ना कुठं अडकलेले. मग प्रेतानंच उठावं, खांद्यावर फडकं टाकावं, नोकर होऊन दार उघडावं अन् परत येऊन मरून पडावं. इन्स्पेक्टरनं नोकराला विचारलं की प्रेत कुठाय, तर तो म्हणाला, "आत्ता तर इथंच होतं, साहेब."

मागच्या रांगांतली पोरं खुर्च्या बडवून हसत होती. पुढच्या रांगा शोकसभेला आल्यासारख्या गप्प. तिथं मंडळाचे जुने लोक. गिरजाबाई पहिल्या रांगेत. दरवर्षी नायिकेला "मागं पाह्य वं, मागं" म्हणून सावध करण्याचं काम त्यांच्याकडं असे. यंदा कोणाला सावध करावं, तेच त्यांना समजेना. त्यांनी शेजारच्या कमलिनीबाईंना विचारलं, "मेलेला माणूस दार कावून उघडते वं?"

"माणसं कमी हायेत न."

"मंग आमच्या आनंदाले सांगायचं. तो रिकामाच असते."

आनंद म्हणजे त्यांचा मुलगा, मंडळाचा सेक्रेटरी. तो दाराशी उभा राहून हे ऐकत होता.

तिसऱ्यांदा घंटी वाजली. प्रेतानं डोळे न उघडता कण्हत म्हटलं की आता मी नाही जात, कोणी दुसरं मरा. अन् गिरजाबाई फिसकन हसल्या. मग पुढच्या रांगा जराशा सैल झाल्या. पांढरीपांडे साहेब, प्लांटातून मोठ्या हुद्द्यावर रिटायर झालेले, त्यांनी आधी डावीकडं पाहिलं, उजवीकडं पाहिलं, आपल्या बरोबरीचे दोघं हसून राहिले याची खात्री केली, मग हसले. साहेब हसले म्हटल्यावर त्यांच्यामागची सारी रांग हसली.

एकटे जानराव हसले नाहीत. ते ड्युटीवर होते. जो खुनी वाटे, तोच पुढच्या मिनिटाला टोपी बदलून फिर्यादी होऊन येई.

मध्यंतराची घंटा झाली तसे ते चहाकडं न जाता परद्यामागं गेले. हे त्यांनी कधीच केलं नव्हतं. पीयूष पाणी पिऊन राहिला होता. जानरावांनी हळूच विचारलं की बावा, सुट्टी कोणत्या तारखेलोक?

"सुट्टी कायची, काका. नोटीस पीरियड चल रहा है. पुढच्या महिन्यात हैदराबाद."

जानरावांच्या जिवात जीव आला. सापडला. ते वळले, तर ईशान तोंडावर पावडर थापता थापता म्हणाला की मीपण बंगलोरला चाललो, ॲडमिशन झालं. टीनाचं लग्न इंदोरला जुळलेलं, हे तिनं न लाजता, हिशेबात भर घातल्यासारखं सांगितलं. जानरावांनी बोटं मोजली. एका नाटकाले खुनी एकच लागते, इथं तीन झाले. आता राहिली मृणाल. तिला विचारायचं त्यांच्या मनातही नव्हतं. पण टीनाच बोलून गेली, "अन् हिचं तर पुणे फायनल झालं न."

मृणालनं आरशातून टीनाकडं असं पाहिलं की ती शिट्टी शोधू लागली. मग मृणाल मिशी दाबत म्हणाली, "आजोबा, घर जाके बताती. आता एंट्री आहे माझी."

जानराव परद्यामागून निघाले. बाहेर आले. टेबलाजवळ लोक वाट पाहून राहिलेच होते. कोणीतरी चहा हातात दिला. त्यांनी घोट घेतला, कप बशीत ठेवला. सारे पुढं झुकले.

"शेवटी सांगतो," ते म्हणाले.

असं कधी झालं नव्हतं. लोकांनी एकमेकांकडं पाहिलं. पांढरीपांडे साहेबांनी बिस्किट चहात बुडवत विचारलं, "काय वैरागडे, यंदा भट्टी थंड?"

लोक हसले. जानरावांच्या कानात हसणं शिरलंच नाही. 'जी' गळून पडला होता, तेवढंच शिरलं. इतक्या वर्षांची कमाई बिस्किटासारखी चहात विरघळली.

दुसऱ्या अर्ध्या भागात लोकांना पोट धरायची वेळ आली. रेल्वेच्या टपावर मारामारी झाली, ती दोन खुर्च्यांवर. वादळ आलं, ते टीनानं बादलीभर कागदाचे तुकडे आपल्याच अंगावर उडवून आणलं. गिरजाबाई आता रंगात आल्या होत्या. घंटी वाजली की त्याच ईशानला हाक मारत, "ऊठ रे बाप्पा, पाहुणे आले."

शेवटी इन्स्पेक्टर झालेला पीयूष मधोमध आला अन् टोपी काढून म्हणाला की तपास अडकला आहे. आता भिलाईत एकच माणूस हा गुंता सोडवू शकतो. दिव्याचा झोत परद्यावरून खाली उतरला, रांगांवरून फिरला अन् जानरावांच्या टकलावर थांबला.

"जानरावजी वैरागडे, खुनी कोण?"

पोट्ट्यांनी हे आधीच ठरवून ठेवलेलं होतं, म्हातारा गोंधळेल अन् गंमत येईल म्हणून. सारा हॉल मान वळवून पाहू लागला. कमलिनीबाईंनी त्यांचा सदरा मागून खाली ओढला. जानराव उभे राहिले. कोणाचंही एक नाव फेकून बसता आलं असतं. पण त्यांनी आजवर नेमाबाहेर जाऊन खुनी सांगितला नव्हता, अन् नेम काय सांगतो ते त्यांना परद्यामागं कळून चुकलं होतं.

"चौघंही," ते म्हणाले.

पीयूषला पुढचं वाक्य आठवेना. "चारों?"

"चौघंही. थांबणारा त्याच्यात एकही नाही."

अन् हॉल असा फुटला की दाराशी उभा असलेला आनंद खाली बसला. गिरजाबाई डोळे पुसू लागल्या. पांढरीपांडे साहेब यावेळी डावं-उजवं न पाहताच हसले. जानराव उभेच होते, लोक हसतात कावून ते त्यांना समजेना. स्टेजवर मिशीवाला मालक तेवढा हसत नव्हता.

नाटकाचा शेवट असा झाला की प्रेतानं उठून स्वतःच्या पंचनाम्यावर सही केली अन् सांगितलं की खून झालाच नव्हता, आपण पहिल्या अंकात ठसका लागून मेलो. म्हणजे जानराव आयुष्यात पहिल्यांदा चुकले. पण ते कोणाच्या ध्यानातही आलं नाही.

बाहेर त्यांच्याभोवती कधी नव्हे एवढी गर्दी. पांढरीपांडे साहेबांनी त्यांचा हात दोन्ही हातांत धरला. "जानरावजी, तुम्ही नाटकात होते हे आधी नाही सांगितलं? काय टायमिंग!"

"मी खरं सांगितलं, साहेब."

लोक पुन्हा हसले. जानरावांनी आणखी दोघा-तिघांना समजावून पाहिलं. जितकं समजावलं तितकं हसणं वाढलं, तेव्हा त्यांनी नाद सोडला. 'जी' परत आला होता, पण कशापायी आला ते त्यांना पटत नव्हतं.

तेवढ्यात आनंद गर्दीतून वाट काढत आला. कमिटी तिथंच उभ्या उभ्या बसली होती अन् एकमत झालं होतं. "काका, पुढच्या गणपतीत खुन्याचं काम तुमीच करा. नाही म्हणू नका."

जानरावांनी आनंदकडं पाहिलं. या मंडळात खुन्याचं काम कोणाला मिळते, हे त्यांच्याहून चांगलं कोणाला माहीत होतं? बाजूला कमलिनीबाईंनी तोंडाला पदर लावला होता.

"हसून कावून राहिली?"

"काही नाही. बदलीचा हुकूम आला वाटते तुमचा."

 जानराव आनंदला म्हणाले की करतो, पण तोवर टिकलो तर. अन् मेल्यावर दार उघडायला उठणार नाही, ते आताच लिहून घे.

आनंद हे वाक्यही चांगलं म्हणून लोकांना सांगायला धावला. जानरावांना खिशातली चिवड्याची पुडी आठवली. त्यांनी ती सोडली अन् पहिला घास तोंडात टाकला. तेवढ्यात मृणाल आली. पावडर घामानं ओघळलेली, मिशी एका बाजूनं लोंबत होती.

"आजोबा, वो पुणे का... मले तुमाले आधीच सांगायचं होतं."

जानरावांनी पुडी तिच्यापुढं धरली.

"मिशी काढ पहिले," ते म्हणाले. "चिवड्यात पडते."