न लिहिलेल्या नोंदी

माझा लॅपटॉप इतका रेंगाळू लागला, की आता नवाच घ्यावा लागणार या धास्तीनं मी लेकीला तो दाखवला.

"बाबा, हा सारखा डिस्कवर लिहीत बसतो. फाईल नुसती उघडून पाहिली, तरी कधी पाहिली ते लिहितो."

"तुझ्या बाबांवरच गेलाय गं!" स्वयंपाकघरातून बायको म्हणाली. "पुतणीच्या लग्नात यांच्या हातावर अक्षता द्यायला कोण विसरलं, ते अजून डोक्यात आहे!"

लेकीनं त्या फुटकळ नोंदी बंद केल्या. डिस्क इवलीशी, तिनं तरी काय काय धरून ठेवायचं? मनही बहुधा तेवढंच असतं. लॅपटॉप झटकन उघडला आणि माझा जीव भांड्यात पडला. बायकोला द्यायला एक झणझणीत उत्तर सुचलं होतं. त्या आनंदात ते विसरूनच गेलो. फार हलकं वाटलं.