माठाखालचं कडं

माझ्या लाडक्या बाळांनो,

परवा व्हिडिओ कॉलवर तुम्ही विचारलंत, "आजी, माठाखाली ते लोखंडी कडं कसलं?" आणि फोन कट झाला. फोनवर ते नीट सांगून झालंही नसतं, म्हणून लिहून पाठवते.

आजोबांनी ट्रक चालवणं सोडलं, तेव्हापासून तो फाटकाबाहेर लिंबाखाली उभा होता. दर दसऱ्याला ते त्याला पाइपनं धुवायचे, अगदी चाकांच्या आतपर्यंत, आणि मग झेंडूचा हार घालायचे. गेल्या वर्षी देवगाव रंगारीचे एक शेतकरी तो घ्यायला तयार झाले, पण मागचं चाक फिरेना. फिरलं नाही, तर दुसऱ्या दिवशी भंगारवाला येऊन ट्रक जागीच कापणार होता. आजोबांनी सकाळपासून काही खाल्लं नव्हतं.

त्यांचे जुने मेकॅनिक आले. आम्ही सगळे त्यांना चाचा म्हणतो. त्यांनी जॅक लावून चाक उतरवलं, पण चाक ज्यावर बसतं तो जड हब जागचा हलेना. आतलं बेअरिंग गंजून फुटलं होतं.

"भाऊ, आत पानी गेलंय. कुणी पाजलं?"

मीच म्हटलं, "दसऱ्याची आंघोळ."

"क्या बात है! वहिनी, घरात यांनी कधी कप तरी विसळला का?"

चाचांनी हबला पुलर, म्हणजे बाहेर खेचायचं अवजार, लावून ताणला, गॅसनं तापवलं, हातोडा मारला. व्यर्थ. आजोबा हळूच म्हणाले, "राहू द्या उस्ताद. तुमचे हात भरून आले असतील."

"हातांचं सोडा. जबरदस्ती केली तर हब ज्यावर बसतो ती आतली नळी चिरेल, मग गाडी गेलीच. पुलर असाच ताणून राहू द्या. आपण चाय घेऊ."

आम्ही पायरीवर बसून चहा घेत होतो. एकाएकी 'टण्ण' असा मोठा आवाज झाला आणि आजोबांच्या बशीतला चहा सांडला. हब सुटला होता.

चाचांनी तो उतरवला, नळीला चिकटलेले बेअरिंगचे तुकडे जपून काढले, फडक्यानं पुसून नळीवरून नख फिरवलं. "साफ आहे, भाऊ. चीर नाही."

आजोबा माझ्याकडे वळले. "वाढ आता. उस्तादांचंही ताट घे."

नवं बेअरिंग बसलं. दुसऱ्या दिवशी ट्रक स्वतःच्या चाकांवर गेला. निघताना आजोबांनी त्या शेतकऱ्यांना बजावलं, "धुवा खुशाल, पण चाकात पाइप घालू नका."

तो ट्रक अजून चारा वाहतो. जुन्या बेअरिंगचं बाहेरचं कडं आपल्या माठाखाली आहे.