उरलेली रिकामी खोकी

दुपारपासून कशातच मन लागत नाहीये, म्हणून इथे लिहितेय.

मी शेवगावात एका पतसंस्थेत नोकरी करते. पुरात आमच्या तीन सहकाऱ्यांच्या घरात पाणी शिरलं होतं. दिवाळीला त्यांना फराळ, ब्लँकेटं आणि मुलांना कपडे द्यायचं आम्ही ठरवलं. हजेरीपट समोर ठेवून, एकेकाचं गाव बघून यादी मीच केली.

आज खोकी भरायला मंदाताई होत्या. त्या आमच्याकडे कंत्राटावर साफसफाई करतात. चकल्या मोडू नयेत म्हणून त्यांनी प्रत्येक डब्याभोवती कागद नीट कोंबला. फोटोच्या वेळी आपणहून बाजूला झाल्या.

सगळे पांगल्यावर म्हणाल्या, "मॅडम, ही उरलेली रिकामी खोकी नेऊ का? घरात अजून लई ओल हाय. पोरांच्या खाली अंथरीन."

"तुमच्याकडेही पाणी आलं होतं?"

"व्हय. कमरेएवढं हुतं."

"मग बोलला का नाहीत?"

त्या गोंधळल्या. "मला वाटलं, हे स्टाफचं हाय."

पुरानंतर त्या दोन दिवस आल्या नव्हत्या. तेव्हा फरशी कोणी पुसली नाही म्हणून मीच कुरकुरले होते.

संध्याकाळी चौथं खोकं भरून त्यांच्या घरी गेले. दारातून आत आमची खोकी उलगडून अंथरलेली दिसली. त्या "या की, बसा" म्हणाल्या. त्यावर पाय द्यायचा मला धीर झाला नाही.

सहा वर्षं त्या रोज माझं टेबल पुसतात. त्यांचं गाव मला आज कळलं. तुमच्या ऑफिसात टेबल पुसणाऱ्या बाईंचं गाव तुम्हाला माहीत आहे का?