अण्णांचा पंप आणि माझा ई-रीडर

इंग्रजी वाचून द्राक्षबाग वाचवणारा आमच्या घराण्यातला पहिला पुरुष मीच. (बागेचं मत वेगळं आहे.)

दोन हजारचं दशक सरत आलं होतं. अमेरिकेतल्या मेव्हण्याने मला नुकताच ई-रीडर दिला होता. एके सकाळी दिंडोरीजवळच्या गावाहून वडिलांचा, म्हणजे अण्णांचा, फोन आला: फवारणीचा पंप बंद पडलाय. मी तडक त्या पंपाची इंग्रजी माहितीपुस्तिका पीडीएफमध्ये उतरवली, ई-रीडरात भरली आणि नाशिकहून निघालो.

गावी आभाळ भरून आलेलं. अंधार पडायच्या आत औषध फवारलं नाही तर घडांवर रोग, आणि वर्षाची मेहनत मातीत!

अण्णा पान्हा घेऊन तयार. "वाच. शिकलेला हायस तू."

पडदा तळहाताएवढा, अक्षरं मुंगीएवढी! मोठी केली की अर्धं पान गायब. शेवटी यंत्र आडवं धरलं आणि एकेक ओळ या टोकापासून त्या टोकापर्यंत, मराठी करत, ठणठणीत आवाजात वाचू लागलो.

"वरचा बोल्ट सैल करा."

केला.

"वरचा बोल्ट घट्ट आवळा."

आवळला.

"झाकण काढा... झाकण बसवा!"

आई चहा घेऊन आली. "अवो, तासभर एकच बोल्ट?"

"गप. पुस्तकात तसंच हाय," अण्णा म्हणाले.

आणि मग मला दिसलं. पानावर दोन रकाने होते! डावीकडे पंपाचा एकेक भाग कसा खोलावा, उजवीकडे तोच कसा जोडावा. मी दोन्ही एकत्र कालवत होतो! कबुली द्यायला मान वर केली, तर अण्णांनी पंप केव्हाच उघडला होता. फाटक्या वायसरच्या जागी ते जुन्या ट्यूबचा गोल तुकडा बसवत होते.

"अण्णा, मी चुकीचं वाचत..."

"तू वाच रे. लय दिवसांनी शेजारी बसलास."

मी वाचत राहिलो. पंप धडधडला. दिवस मावळायच्या आत बागेतली शेवटची ओळ फवारून झाली. आणि अण्णांनी गावभर सांगितलं, "पोरानं पुस्तक वाचून पंप दुरुस्त केला!"

सकाळी दार उघडतो तर अंगणात चार बिघडलेले पंप, मालकांसकट. "भाऊ, आमच्याबी पंपाचं वाचा की!"

तेव्हापासून गावात मी पंपांचा डॉक्टर. अट एकच: अण्णा घरी असतील त्याच दिवशी दवाखाना उघडा!