शाकिरचा हलका हात

कैरोतल्या बाब अल-लूकमध्ये बहिगा ध्वनिवर्धक दुरुस्त करायची. चष्मा कायम कपाळावर आणि जीभ तिखट. नवरा शाकिर ऊद हे तंतुवाद्य वाजवी. अर्धांगाच्या झटक्यानंतर त्याचा उजवा हात निम्माच उरला. वाजवता येई, पण शेजारच्या खोलीतही पोचायचं नाही. लेक वफाची मुलगी रीम. गुरुवारी दुपारी तिची मेंदी. आजोबांनी वाजवायचंच, हा तिचा हट्ट. आजोबा नाहीच म्हणत होते.

"माशी भुणभुणल्यासारखं वाटेल, उम्म वफा," शाकिर म्हणाला. वफाची आई ती उम्म वफा आणि वफाचा बाप तो अबू वफा, अशीच त्यांची एकमेकांना हाक. "लोक दया करतील. ती मला नको."

"ध्वनिवर्धकाला लावते की!"

"त्यातून ऊद नाही, पत्र्याचा डबा वाजतो."

खरंच होतं ते. वाद्याच्या पोटाला चिकटवलेली चकती तारांच्या थरथरीतून चिमूटभर वीज काढते. चकती थेट ध्वनिवर्धकाला जोडली की यंत्र अधाशासारखं ती वीज ओढून घेतं. खर्ज पहिला मरतो. मध्ये असा कुणी हवा, जो ऐकेल पण खाणार नाही.

बहिगाच्या डबीत तसे ढीगभर होते: मसुराएवढे, तीन पायांचे जेफेट, म्हणजे एका जातीचे ट्रान्झिस्टर. याच्या पोटातून बॅटरीच्या विजेचा पाट वाहतो. कुणी हात लावला नाही तर तो वाहतच राहतो. तिसऱ्या पायावर, म्हणजे गेटवर, उलटा दाब दिला की पाटाचे काठ आत सरकतात आणि धार बारीक होते. फार दिला तर बंदच. सैल सोडला की पुन्हा रुंद. गेट स्वतः मात्र जवळजवळ काहीच वीज घेत नाही. म्हणून तारेच्या इवल्याशा थरथरीवर बॅटरीची मोठी धार डोलते.

घाईत तिनं हाताला लागला तो जोडला. शाकिरनं नखी फिरवली आणि सूर फाटला.

"हा तर खोकतोय!"

"खोकेल नाही तर काय! चूक माझी."

हे सगळे एका नावाचे, पण स्वभावानं वेगळे. एकाचा पाट जराशा दाबानं मिटतो, दुसऱ्याला पुष्कळ लागतो. बहिगाला हे पाठ होतं. नातीच्या लग्नाच्या गडबडीत मापायचं राहिलं, झालं! मग एकेक मापत बसली. धार मधोमध ठेवली तरच तिला दोन्हीकडे डोलायला जागा मिळते. तसा एक सापडला.

खर्ज आला. पण शाकिर सवयीनं हाताला हिसडे देत होता.

"मारतोस कुणाला, अबू वफा? नुसती टेकव. याला जोर लागत नाही."

तिनं त्याचं मनगट धरलं. पकड सैल होईपर्यंत सोडलंच नाही. मग त्यानं नखी टेकवली. सूर खोलीभर झाला.

"हे मी वाजवलं?"

"नाही, माझ्या आत्यानं!"

गुरुवारी बायका ढोलक्या बडवत होत्या. शाकिरनं खर्ज छेडला तशा ढोलक्या आपोआप थांबल्या. पार भिंतीपाशी बसलेली एक जाडजूड मावशी ओरडली, "हाजी शाकिर, इतकं संथ? आम्ही नाचायचं कसं?"

"आधी कंबर शोध, मग नाच!" शाकिर म्हणाला.

हशा पिकला. दया कुणाच्याच तोंडावर नव्हती. मावशी तर चक्क रागावली होती. त्यानं ते गाणं आपल्याच लयीत संपवलं आणि कुणी न सांगता दुसरं धरलं.